अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका

गोंदिया जिल्ह्यात दोन अनोळखी माणसांची ओळख वर्षानुवर्षं एकाच प्रश्नानं होत आली आहे : "माचीस आहे का जी?" तेंदूपत्ता आमच्या जंगलातला, बिड्या वळणारे हात आमच्या घरांतले, आणि ज्या मनोहरभाई पटेलांनी इथे शाळा-कॉलेजं उभी केली त्यांचा पैसाही बिडीच्याच धंद्यातला. अशा मुलखात बिडी प्रत्येकाच्या खिशात असणार आणि माचीस मात्र नेहमी शेजारच्याच्या, हे ओघानंच आलं. मागणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटत नाही. काडी पेटेस्तोवर गाव विचारून होतं, बिडी अर्धी होईस्तोवर आडनाव, आणि थोटूक विझायच्या आत कोणाची आतेबहीण कोणाच्या काकाकडे दिली आहे ते सापडतंच. मी स्वतः बिडी ओढत नाही, पण माचीस बाळगतो. चार माणसांत राहायचं तर एवढं करावं लागतं.

गोंदियाच्या बिरसी विमानतळावर पहिला घाला पडतो तो या माचिशीवर. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक काकाजी होते. त्यांच्या बंडीतून निघालेलं बिडीचं बंडल जवानानं उलटसुलट करून परत दिलं आणि माचीस काढून घेतली. "हे नेता येईल, हे नाही." काकाजी एकदा बंडलाकडे, एकदा जवानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नांगर घेऊन जा आन्‌ बैल इथं ठेवा." जवान हसला, पण माचीस परत आली नाही.

आत गेल्यावर दुसरा घाला. भिंतीवरच्या भोंग्यातून एक बाई तीन-तीन भाषांत बजावत असते की, अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू घेऊ नका आणि आपलं सामान सोडून कुठं जाऊ नका. सुरक्षेच्या दृष्टीनं बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे, मला वाद घालायचा नाही. पण शांतपणे विचार केला तर लक्षात येतं की, एका परक्या माणसानं दुसऱ्या परक्या माणसासाठी प्रवासात जे काही चांगलं करायचं असतं ते जवळपास सगळं या दोन वाक्यांत मना केलेलं आहे. डबा पुढे करणं मना. "जरा बॅगेकडे बघता का, मी जाऊन येतो" हे मना. पोराच्या हातात गोळी ठेवणं मना. बाईंचं अक्षरशः ऐकायचं ठरवलं तर विमानतळावर माणसानं फक्त स्वतःची बॅग मांडीवर घेऊन समोर बघत बसायचं.

विमान वेळेवर असेल तेव्हा लोक तसंच बसतातही. ज्यांनी विदर्भ एक्सप्रेसमध्ये समोरच्याचा पगार, मुलीचं वय आणि गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं तुमसर यायच्या आत काढून घेतलं असतं, तीच माणसं इथे मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसतात आणि मोबाइलमध्ये बघतात. इस्त्रीच्या कपड्यांत माणूस जरा कमीच बोलतो. त्याला बोलतं करायला विमान लेट व्हावं लागतं.

आता वाट बघण्याच्या बाबतीत गोंदियाकरांना कोणी शिकवू नये. इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमाराला, कामठ्याजवळ बिरसीला ही धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढची कित्येक दशकं तिनं निवांत काढली. २००४ ते २०११ या काळात नागरी विमान वाहतूक खातं आमच्याच प्रफुल्ल पटेलांकडे होतं, विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हाती गेला, धावपट्टी दोन किलोमीटरच्या पुढे गेली आणि वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था इथे सुरू झाली. तेव्हापासून कामठा-परसवाडा-खातियाच्या आकाशात शिकाऊ पोरांची छोटी विमानं दिवसभर गिरक्या घालतात. खाली रोवणी करणाऱ्या बाया मान वर न करता सांगू शकतात की, आज नवीन पोरगा आहे. पण तिकीट काढून बसायचं पहिलं नियमित विमान उडालं ते १३ मार्च २०२२ ला, इंदूर–गोंदिया–हैदराबाद. काही महिन्यांत तेही थांबलं. मग १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीनं पुन्हा हैदराबाद सुरू केलं. म्हणजे तयार धावपट्टीसमोर बसून ज्यांनी पहिल्या विमानाची वाट ऐंशी वर्षं पाहिली, त्यांना दोन-अडीच तासांच्या उशिराचं भय कोणी दाखवू नये.

शिवाय रेल्वेनं तालीम दिलेली आहे ती वेगळीच. गोंदिया हे हावडा-मुंबई लाइनवरचं जंक्शन. कोल्हापूरची महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्यापासून निघते आणि अख्खा एक दिवस घेऊन, वर काही तास खाऊन, राज्याच्या त्या टोकाला पोचते. छत्तीसगढातून निघालेला कोळसा याच रुळांवरून जातो. आणि कोळसा व माणूस एकाच वेळी सिग्नलला आले तर पुढे कोण जाणार, हे आमचं शाळकरी पोरगंही सांगेल. गाव दिसतंय, स्टेशनचे दिवे दिसतायत, घरचा माणूस मोटरसायकल घेऊन बाहेर उभा आहे आणि गाडी आउटरला! एकामागून एक मालगाडी खडखडत पुढे जाते. आउटरच्या त्या तासाभरात इथे सोयरिकी जमलेल्या आहेत, जमिनीचे सौदे झालेले आहेत. उरलेला डबा आउटरलाच संपतो, कारण घरी नेऊन काय करायचा?

म्हणून बिरसीला विमान लेट झालं की, मला त्यात दुःखापेक्षा उत्सुकता जास्त असते. मोठ्या विमानतळावर उशीर पाटीवर कळतो. इथे काचेतून बाहेर बघितलं की कळतं. उभं आहे का विमान? नाही. मग लेट. पाटी नंतर तेच सांगते.

सुरुवात एका सुस्काऱ्यानं होते. तो कोणालाच उद्देशून नसतो, पण गोंदियात सुस्काऱ्यालाही उत्तर मिळतं. "तिकडूनच निघालं नाही म्हणते," पलीकडच्या रांगेतून कोणीतरी सांगतं. मधली रिकामी खुर्ची भरते. मग हळूच तो प्रश्न येतो, ज्यानं माचिशीची जागा घेतली आहे : "चार्जर आहे का जी?" टाइप सी की जुनी पिन, हे विचारण्यात पहिली पाच मिनिटं जातात. एका खांबाला पिना थोड्या आणि मोबाइल अनेक, त्यातून एक इसम स्वतःचे दोन्ही फोन लावून डोळे मिटून बसलेला; असा एक जण प्रत्येक विमानतळावर असतो, तो बहुधा विमानतळासोबतच येत असावा. अशा वेळी तिरोड्याच्या बाजूच्या एका भाऊंनी बॅगेतून चार खाचांचा एक्स्टेंशन बोर्ड काढला. विमानात कशाला हो बोर्ड, असं कोणी विचारलं नाही. रेल्वेत ज्यानं उमेदवारी केली आहे त्याच्या बॅगेत बोर्ड, कुलूपसाखळी आणि दोरी असतेच. त्या बोर्डाभोवती आठ-दहा माणसं अशी काही जमली की, पुढच्या अर्ध्या तासात कोणाचा फोन कोणाच्या हातात आहे, याला अर्थ राहिला नाही. एका अनोळखी पोरीच्या फोनवर दुसऱ्याच अनोळखी आजीनं "हॅलो" म्हणून तिच्या आईला कळवून टाकलं, "लेट आहे, पण जेवली."

भोंग्यातल्या बाई आपलं सांगतच होत्या.

मग भांडण. उशिराच्या विमानाला एक संतापलेला गृहस्थ लागतोच, त्याशिवाय उशीर अधिकृत होत नाही. आमचे गृहस्थ कापडाचे व्यापारी होते. त्यांनी काउंटर गाठलं आणि हिंदीत सुरुवात केली, कारण गोंदियात भांडण हिंदीतच होतं. मराठी समेटाला राखून ठेवलेली असते. "मॅडम, आप लिख के दीजिए. अभी के अभी लिख के दीजिए." काउंटरवरची पोरगी तेवीस-चोवीसची असेल. सकाळपासून ती उभी होती, आणि विमान ती काही खिशात लपवून आली नव्हती. पण राग जवळच्या माणसावर निघतो आणि सगळ्यात जवळ तीच होती. ती "सर, मी समजू शकते सर" म्हणत राहिली. व्यापाऱ्यांचा आवाज चढत गेला. आणि मग त्यांची नजर तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली.

"रहांगडाले?" आवाज एकदम खाली. "कोनत्या गावच्या?"

"आमगावच्या बाजूला, सर."

"आमगावच्या बाजूला म्हणजे कोठं?"

तिनं गाव सांगितलं. व्यापाऱ्यांचा चेहरा पडला. ती त्यांची सासुरवाडी निघाली. आता जावयानं सासुरवाडीच्या पोरीवर, तेही चाळीस माणसांदेखत, कसं ओरडायचं? ही बातमी विमानाआधी गावात पोचणार! त्यांनी रुमालानं मान पुसली, मागे वळले आणि आपल्यासारख्याच संतापानं रांगेत आलेल्या दुसऱ्या माणसाला म्हणाले, "सरका जी मागं. पोरीला काम करू द्या." पुढचा तासभर त्या काउंटरचा बंदोबस्त त्यांनीच पाहिला. ज्याला तक्रार करायची त्याला आधी त्यांच्याकडे यावं लागे आणि ते त्याला पाणी देऊन बसवत. पोरीची 'मॅडम'ची 'ताई' झाली, 'ताई'ची 'बेटा' झाली. शेवटी एका मावशींनी तो प्रश्न विचारला जो दिवसभरात कोणी विचारला नव्हता : "तू काही खाल्ली का गं?"

तिनं मान हलवली. मावशींनी स्टीलचा डबा उघडला. लाखोळीच्या डाळीचे वडे होते, सोबत जवसाची चटणी.

"आम्हाला प्रवाशांकडून काही घेता येत नाही, मावशी."

"मी प्रवासी नाही," मावशी म्हणाल्या. "पोराला सोडायला चालली."

याला नियमात उत्तर नव्हतं. तिनं काउंटरखाली वाकून दोन वडे खाल्ले. व्यापारी तेवढा वेळ आडोसा करून उभे राहिले.

दुसरी मंडळी खिडकीकडे होती. तिथे उड्डाण संस्थेतला एक शिकाऊ मुलगा सुट्टीत घरी निघाला होता. आठ-दहा म्हाताऱ्या माणसांमध्ये सापडलेला एकटा जाणकार. हैदराबादहून येणारंच विमान इथून परत जातं, म्हणून ते तिकडे अडकलं की आपण इकडे अडकतो, हे त्यानं प्रत्येकाला वेगवेगळं समजावलं आणि मोबदल्यात प्रत्येकाकडून बिस्किट खाल्लं. एक आजी पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. येणारं विमान एटीआर, म्हणजे पंख्याचं, हे कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पंख्याच्या विमानालाही आतून जेटचंच इंजिन असतं, छोट्या पल्ल्याला ते परवडतं, घाबरायचं काही नाही, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा हात धरून म्हणाल्या, "बाबू, तुला एवढं येते ना? मग तूच चालव ना." बाकीच्यांनाही ही सूचना पटलेली दिसली.

अशा गर्दीत एक नियमवालाही असतो. आमचे नियमवाले निवृत्त हेडमास्तर होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम त्यांनी फोनवर काढला आणि वर्गात वाचावा तसा वाचला. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि उशीर दोन तास किंवा जास्त झाला, तर कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पैसे परत. मास्तरांना वैयक्तिक काही नको होतं. त्यांची शुगर आहे. केवळ लोकशिक्षणासाठी त्यांनी हे केलं आणि त्यातून मोठाच पेच उभा राहिला. कारण तोवर उशीर एक तास पन्नास मिनिटांवर आला होता. आता विमान लवकर यावं की दहा मिनिटांनी यावं? हॉलमध्ये सरळ दोन तट पडले. काही जण देवाला विमान मागत होते, काही जण फक्त दहा मिनिटं मागत होते. देवानं दुसऱ्यांचं ऐकलं. समोसे आले. त्या दिवशी संकष्टी होती, त्यामुळे उपासवाल्यांचे समोसे फिरत फिरत भुकेल्या पोरांपर्यंत पोचले आणि एका पोरानं तीन खाल्ले. मास्तरांनी आपलाही दिला. शुगरचा विषय काढून दिला, पण देताना तुकडा मोडून घेतलेला मी पाहिला आहे.

आणि तांदूळ! एक जोडपं मुलाकडे हैदराबादला निघालं होतं. बरोबर तांदूळ. खालच्या सामानाची मर्यादा पंधरा किलो, हातातली सात. काट्यावर चार किलो जास्त भरले म्हणून ते पिशवीत काढून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्यानं विचारलं, "चिन्नोर का?" भाऊ अभिमानानं म्हणाले, "हव." शेजारच्यानं चार दाणे मागितले. हुंगले. दातांखाली धरले. डोळे मिटले. "चिन्नोर नाही हा." झालं! हा आरोप धानाच्या जिल्ह्यात पचणारा नाही. दुसऱ्या तज्ज्ञाला बोलावणं गेलं. त्यानंही दाणे चावले. मग तिसऱ्यानं. थोड्या वेळात अख्खी रांग कच्चे तांदूळ चावत बसली होती आणि वाद चिन्नोरवरून २०२१ मध्ये चिन्नोरचं जीआय मानांकन शेजारच्या बालाघाटनं नेलं यावर, तिथून वाघ नदीच्या अलीकडचं पाणी आणि पलीकडचं पाणी यावर, आणि तिथून मध्य प्रदेश सरकारवर गेला. वर भोंग्यातल्या बाई तीन भाषांत सांगत होत्या की, अनोळखी व्यक्तीकडून काही घेऊ नका. खाली प्रत्येकाच्या तोंडात एका अनोळखी माणसाचे तांदूळ होते. शेवटी भाऊंनी चिडून पिशवी सोडली आणि पहिल्या तज्ज्ञाच्या टोपीत ओंजळभर ओतले. "शिजवून पाहा. मंग बोला." भांडणात माणसाला इतकं मिळालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

जगात याची मोठी उदाहरणं आहेत. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडर या लहानशा गावात ३८ प्रवासी विमानं उतरवली गेली. गाव दहा हजारांच्या आसपास, पाहुणे जवळपास सात हजार. त्या गावालाही युद्धकाळात नावारूपाला आलेला, आमच्यासारखाच गावाच्या मानानं भलताच मोठा विमानतळ. शाळेच्या बसचे ड्रायव्हर संपावर होते, ते संप सोडून गाड्या घेऊन आले. बर्फावरच्या हॉकीचं मैदान फ्रीज म्हणून वापरलं, कारण गावानं शिजवून दिलेलं अन्न ठेवायला जागा उरली नाही. विमानांच्या पोटात कुत्री-मांजरी होती, दोन बोनोबो वानरं होती. त्यांचीही सोय झाली. पुढे यावर ब्रॉडवेला संगीत नाटक आलं. ते ठीकच आहे, मोठ्या संकटात माणूस मोठा होतो. मला जास्त नवल वाटतं ते संकटच नसताना, नुसता कंटाळा आलेला असताना, माणूस शेजारच्याला अर्धा समोसा देतो याचं. त्यावर नाटक निघत नाही, कारण पहिल्या अंकातच समोसा संपतो.

आणि हेही सांगितलं पाहिजे की, हा चांगुलपणा विमानाची घोषणा होईपर्यंतच टिकतो. "बोर्डिंग" हा शब्द ऐकताक्षणी तेच हेडमास्तर, तेच व्यापारी, तेच एक्स्टेंशनवाले भाऊ कोपरं काढून दाराकडे धावले. सीट नंबर तिकिटावर छापलेला आहे, विमान कोणाला सोडून जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत. पण जनरल डब्याचे संस्कार सीट नंबरानं पुसले जात नाहीत. वाकून चार्जर शोधणाऱ्याला मागच्यानं ढकललं. आजींना मात्र कोणी ढकललं नाही. त्या शिकाऊ मुलाचा हात धरून सगळ्यांत शेवटी निघाल्या आणि त्याला विमानाच्या पुढच्या बाजूला न्यायला लागल्या.

मागे राहिला एक व्हॉट्सॲप ग्रुप. व्यापाऱ्यांनी बनवलेला, नाव 'बिरसी लेट परिवार'. विमान हैदराबादला उतरायच्या आधीच तो बनला होता, म्हणजे फोन विमानाच्या मोडवर कोणीच टाकलेला नव्हता. त्यावर रोज सकाळी सूर्य उगवतो, फुलं येतात, हेडमास्तर नियम टाकतात. हैदराबादेत खोली कोणाला हवी, रक्त कोणाला हवं, गोंदियाहून येताना कोणाच्या आईचं औषध कोणी आणायचं, हे सगळं त्याच्यावर ठरतं. तांदूळवाले भाऊ आणि तज्ज्ञ अजून बोलत नाहीत, पण दोघंही ग्रुपवर आहेत. कामठ्याचा एक जण त्यात कसा शिरला ते कोणालाच ठाऊक नाही. तो त्या दिवशी प्रवासातही नव्हता. पण त्याला काढायचं कोणी नाव घेत नाही, कारण त्याचं घर धावपट्टीच्या रेषेत आहे. परवा एका सदस्यानं विमानतळावरून मेसेज टाकला : "पाटीवर ऑन टाइम दाखवते. खरं आहे का जी?" दोन मिनिटांत कामठ्याहून उत्तर आलं : "छतावर जाऊन पाहिलं. काही नाही. जेवून घ्या."